ताळा जुळवणारा फॅरनहाइट

खोपटच्या आमच्या घरी नातवाचा ताप पाहिला, तर नव्या थर्मामीटरवर आकडा 39. यंत्र बिघडलं असं समजून आजीने ते ठेवून दिलं. मी बँकेतल्या सवयीने कागद घेतला. 39 ला 9 ने गुणलं, 5 ने भागलं, 32 मिळवले. उत्तर 102.2! मग धावपळ झाली. आपल्याकडे ऊन सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरनहाइटमध्ये. हा फॅरनहाइट होता कोण?

डॅनियल गाब्रिएल फॅरनहाइट 1686 साली डान्झिग बंदरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कमध्ये, व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. 1701 मध्ये विषारी अळंबी खाऊन आईवडील एकाच दिवशी गेले. पोरक्या मुलाला व्यापार शिकायला अॅमस्टरडॅमला धाडलं. त्याचं मन मात्र काचेच्या नळ्यांत रमलं. त्या काळी एका तापमापकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नसे. 1714 च्या सुमारास त्याने दोन तापमापक असे बनवले, की दोन्ही एकच आकडा दाखवत. पुढे नळीत पारा भरला. 1724 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतलं. 1736 मध्ये हेगला तो वारला. वय 50, संसार नाही, गाठीला पैसा नाही.

सहा वर्षांनी स्वीडनच्या सेल्सिअसने शंभर अंशांची पट्टी मांडली, तीही उलटी: उकळतं पाणी 0, गोठतं 100. पुढे ती सुलटी झाली.

फॅरनहाइट व्यापारी झाला नाही. पण दोन नोंदींचा ताळा जुळलाच पाहिजे, हा व्यापाऱ्याचा नियम त्याने तापाला लावला. नातू बरा झाला. थर्मामीटरच्या डबीत आता माझी चिठ्ठी आहे: 37 म्हणजे 98.6.