वाटेवरचे सोबती : संत नामदेवांची तीर्थयात्रा

साधकहो, आपण तीर्थयात्रेला निघतो तेव्हा मनात देवाचे ठिकाण असते. शेजारून चालणाऱ्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. पण यात्रेत आपल्याला घडवतो तो बहुधा हा शेजारचाच. संत नामदेव महाराजांचे चरित्र या दृष्टीने एकदा पाहूया.

नामदेवांचा जन्म 1270 चा, शिंप्याच्या घरातला. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई. घरात विठ्ठलभक्ती पिढीजात. लहानग्या नामदेवांच्या हातून विठ्ठलाने नैवेद्य खाल्ला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. पंढरपूर, चंद्रभागा आणि विटेवरची मूर्ती एवढेच त्यांचे जग होते. त्यापलीकडे काही पाहावे असे त्यांना वाटतच नव्हते.

अशा वेळी ज्ञानेश्वर माउली त्यांच्याकडे आले. ते वयाने नामदेवांपेक्षा पाच वर्षांनी लहान, पण अधिकाराने थोर. तीर्थयात्रेला सोबत चला, अशी विनंती त्यांनी केली. नामदेवांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याचा विचार करा. पांडुरंगाला सोडून देव शोधायला कुठे जायचे? शेवटी पांडुरंगानेच आज्ञा दिली आणि आपल्या या लाडक्या भक्ताला ज्ञानदेवांच्या हाती सोपवले, असे परंपरा सांगते. नामदेव निघाले खरे, पण वाटभर त्यांचे मन पंढरीकडेच ओढ घेत होते. नामदेवांच्या नावावर असलेल्या तीर्थावळीच्या अभंगांत या प्रवासाचे वर्णन आहे.

या वाटेवरची एक कथा प्रसिद्ध आहे. मरुभूमीत दोघांनाही तहान लागली. विहीर सापडली, पण पाणी फार खोल. ज्ञानदेव योगसामर्थ्याने सूक्ष्म रूप घेऊन आत उतरले आणि पाणी पिऊन वर आले. नामदेवांकडे ती सिद्धी नव्हती. त्यांनी व्याकूळ होऊन विठ्ठलाचा धावा केला आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागली. या कथेत कोण जिंकले, असे आपण विचारतो आणि तिथेच चुकतो. एकाचा मार्ग योगाचा, दुसऱ्याचा प्रेमाचा. दोघांनी एकमेकांचा मार्ग पाहिला, त्याचा आदर केला आणि पुढची वाट बरोबरच चालले.

पण सोबती नेहमी गोडच बोलतो असे नाही. याच संतमेळ्यात एकदा मुक्ताईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेतले आणि मडकी तपासावीत तशी संतांची डोकी थापटून पाहिली. इतर शांत राहिले. नामदेवांना मात्र राग आला. हे मडके कच्चे आहे, असा निर्णय झाला. देव ज्यांच्याशी बोलतो अशा भक्ताला हे चारचौघांत ऐकावे लागले! आपण असतो तर तो मेळा सोडून कायमचे निघून गेलो असतो. नामदेवही दुखावले. पण त्या दुखण्यातूनच ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांपर्यंत पोहोचले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले होते. पाय उचलून जिथे देव नाही तिथे ठेवा, असे त्यांनी सांगितले. नामदेव पाय हलवू लागले, तर जिथे ठेवावे तिथे पिंड उभी राहिली. देव केवळ पंढरीत नाही, ही जाणीव तिथे पक्की झाली.

1296 मध्ये आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. तेव्हा नामदेव 26 वर्षांचे होते. सोबती गेला, पण त्याने दाखवलेली वाट राहिली. नामदेव पुढे 54 वर्षे जगले आणि उत्तरेत पंजाबपर्यंत गेले. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे आजही त्यांचे स्थान आहे. गुरुग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. 2015 मध्ये याच घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. पंढरी सोडायला तयार नसलेला भक्त सगळ्या देशाचा झाला.

आणखी एक सोबती सांगायचा राहिला. चोखोबांना मंदिरात प्रवेश नव्हता. 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. नामदेव तेथे गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, असे ओळखून त्यांनी त्या गोळा केल्या, पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. जिवंतपणी ज्याला आत घेतले गेले नाही, त्याला नामदेव देवाच्या दारापर्यंत घेऊन आले.

नामदेवांचे स्थानही तिथेच, महाद्वाराच्या पायरीवर आहे. 1350 मध्ये त्यांनी देह ठेवला. दर्शनाला जाणाऱ्या संतांची पायधूळ आपल्यावर पडावी, एवढीच त्यांची इच्छा होती, असे वारकरी मानतात.

साधकहो, पुढच्या वेळी पंढरीला जाल तेव्हा त्या पायरीपाशी क्षणभर थांबा. आपल्याबरोबर चालत आलेल्यांपैकी कोणी आपल्याला कच्चे म्हटले होते का, ते आठवा. त्याच्यावर राग धरून आपण पुढे निघून आलो असू, तर मागे वळून त्याला हाक मारा. आणि कोणी दाराबाहेरच राहिला असेल, तर त्याला सोबत घेतल्याशिवाय आत जाऊ नका.