डॉ. अनिता अवचट : गर्दच्या विळख्यातून सोडवणारे हात



आपल्या यवतमाळकडे व्यसन म्हटले की दारू आणि खर्रा आठवतो. पण १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यातील अनेक आईबापांची झोप गर्दने उडवली होती. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, अफूपासून बनणाऱ्या हेरॉइनचे अशुद्ध रूप. चांदीच्या कागदावर पूड ठेवायची, खालून काडी पेटवायची आणि धूर ओढायचा. चांगल्या घरांतली मुले त्यापायी घरातली भांडीसुद्धा विकू लागली.

डॉ. अनिता अवचट त्या वेळी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पती अनिल अवचट यांनी डॉक्टरकी सोडून लेखन आणि समाजकार्य पत्करले, तेव्हा संसार त्यांनी आपल्या नोकरीवर चालवला. अनिल अवचटांचे गर्दवरील लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. त्यांच्या प्रतिष्ठानने एक लाख रुपये दिले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याचा भार अनिताताईंनी उचलला.

गर्द सुटताना अंग मोडून येते, नाक-डोळे गळतात, झोप उडते. व्यसनी मुले याला टर्की म्हणतात. औषधांच्या आधाराने ते काही दिवसांत ओसरते. खरी कसोटी नंतरची. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना माणसाच्या इच्छास्वातंत्र्यावर आम्ही तासन्‌तास वाद घातले, पण इच्छा हरवलेल्या माणसाला ती परत कशी मिळते, हे त्या ग्रंथांत मला सापडले नाही. अनिताताईंनी ते कामातून दाखवले. व्यसन हा आजार आहे, गुन्हा नव्हे, असे मानून त्यांनी मारहाण आणि अपमान यांना केंद्रात थारा दिला नाही. गटात बसून मन मोकळे करणे, झाडलोट, योगासने, गाणी, असा दिनक्रम बसवला. बरे झालेल्या मुलांनाच कार्यकर्ते केले, कारण नव्याने आलेल्याचा थरकाप त्यांना न सांगता कळत असे.

घरच्यांनाही त्यांनी उपचारात ओढले. मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते. नवऱ्याचे व्यसन लपवता लपवता बायको एकटी पडते, तिच्याशी कोणी बोलत नाही. (आपल्याकडे मिस्सा संपल्यावर घाईघाईने घरी जाणाऱ्या भगिनी पाहिल्या की मला हेच आठवते.) अशा पत्नींसाठी मुक्तांगणात सहचरी गट आहे. तिथे त्या एकमेकींपुढे बोलतात, रडतात, हसतातही.

पुढे अनिताताईंना कॅन्सरने गाठले. आजारपणातही त्यांनी केंद्राचे काम सोडले नाही. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. केंद्र बंद पडले नाही. कन्या मुक्ता यांनी धुरा घेतली आणि कधीकाळी तिथे उपचारासाठी आलेल्यांपैकी कितीतरी जण कार्यकर्ते म्हणून त्यांच्यासोबत उभे राहिले. गर्दसाठी निघालेल्या त्या केंद्रात दारूचे रुग्णही मोठ्या संख्येने येतात. व्यसनमुक्तीचे वर्ष पूर्ण झाले की तिथे वाढदिवस साजरा होतो आणि त्या दिवशी घरची माणसेही सोबत असतात.