किहीमचे बिनपगारी दिवस

फाल्गुन लागला की आमच्या अमरावतीच्या घरामागच्या डाळिंबावर एक इवलंसं पाखरू येतं. उन्हात निळं-जांभळं चकाकतं आणि सावलीत गेलं की नुसतं काळं दिसतं. बारीक, वाकडी चोच फुलात खुपसायची, मधुरस ओढायचा आणि पुढचं फूल गाठायचं. हा शिंजीर. पुस्तकातलं त्याचं नाव जांभळा सूर्यपक्षी. वजन सात-आठ ग्रॅमच्या आसपास. विणीचा हंगाम सरला की नराचा हा थाट उतरतो. तो मादीसारखाच मळकट पिवळा दिसू लागतो, फक्त छातीवर मधोमध एक गडद पट्टा उरतो. पगार बंद झालेल्या माणसासारखं त्याचं होतं, असं मला उगीचच वाटतं.

असं वाटायला कारण आहे. बँकेत असताना माझी अकोल्याहून थेट अलिबागला बदली झाली होती. वऱ्हाडी माणसाला समुद्राचं अप्रूप. रविवारी मी किनाऱ्याने भटकायचो. खाडीकाठी खाऱ्या चिखलात वाढणारं कांदळवन मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं, आणि त्या हिरव्या गर्दीतही आपला ओळखीचा शिंजीर दिसला. अलिबागेच्या उत्तरेला किहीम नावाचं गाव आहे. नोकरी गेलेला एक माणूस बायकोसह तिथे येऊन राहिला होता, हे मला तेव्हा कळलं. त्या माणसाचं नाव सालिम अली.

त्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा, मुंबईचा. वर्षाचे असताना वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आईही गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि निपुत्रिक मामी हमिदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरी या भावंडांना वाढवलं. मामांनी दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीने पोराने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हे काय पाखरू, म्हणून मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडलं. मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले, आणि पोराच्या आयुष्याची दिशा ठरली.

दिशा ठरली, पण पोटाचं काही ठरेना. कॉलेज अर्धवट सुटलं. ब्रह्मदेशात तावॉय भागात घरच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता, तिथे काही वर्षं काढली, पण लक्ष हिशेबापेक्षा झाडावरच्या पाखरांकडे. मुंबईला परतल्यावर व्यापाराचं शिक्षण झालं, फादर ब्लॅटर यांच्या सांगण्यावरून प्राणिशास्त्रही झालं, पण विद्यापीठाची पदवी नव्हतीच. 1918 साली तेहमिना यांच्याशी लग्न झालं. 1926 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या (आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) निसर्ग विभागात मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी लागली. पुढे रजा काढून ते बर्लिनला गेले आणि एर्विन स्ट्रेझेमान या मोठ्या पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. 1930 साली परत येऊन पाहतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली.

मी आयुष्यभर कर्जाच्या फायली तपासल्या. वय चौतीस, नोकरी नाही, पदवी नाही, आवड पाखरं बघण्याची. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी चहा पाजून परत पाठवला असता, हे प्रामाणिकपणे सांगतो.

नवरा-बायको किहीमला राहायला गेले. तिथे जवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. सालिम अली रोज तिथे बसू लागले आणि टिपणं ठेवू लागले. नर खोपा अर्धवट विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडला तर संसार मांडते, आणि पठ्ठ्या लगेच दुसरा खोपा विणायला घेतो, हे त्यांनी दिवसामागून दिवस पाहून मांडलं.

दुसरा विषय बांडगुळाचा. आंब्यावर किंवा आपल्याकडच्या कडुनिंबावर उपटसुंभासारखं वाढणारं बांडगूळ सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बागाईतदार त्याला शिव्या देतो. पण हे एका झाडावरून दुसऱ्यावर जातं कसं? कोकणातल्या झाडांखाली उभं राहून सालिम अलींनी या प्रश्नाचा माग काढला. बांडगुळाच्या लांब नळीसारख्या फुलात शिंजीर चोच घालतो, तेव्हा पराग त्याच्या कपाळाला लागतात आणि पुढच्या फुलाला पोचतात. त्यातून फळ धरतं. मग येतो फुलटोच्या, शिंजिराहूनही लहान. तो फळ गिळतो. आतलं बी इतकं चिकट असतं की विष्ठेतून बाहेर पडताना ते सहजासहजी सुटत नाही. पाखराला फांदीवर अंग घासावं लागतं, आणि बी तिथेच चिकटून रुजतं. एक पाखरू लग्न लावतं, दुसरं मुलांना घर मिळवून देतं. हा लेख सोसायटीच्या नियतकालिकात 1931 साली आला. फुलं आणि फुलांवर जगणारे पक्षी यांच्यावरचा मोठा लेख 1932 मध्ये आला.

या दिवसांच्या मागे तेहमिनाबाई होत्या, हे विसरून चालणार नाही. चांगल्या घरात वाढलेल्या, विलायतेत शिकलेल्या या बाईने मुंबई सोडून खेड्यातला संसार पत्करला. पुढे नवऱ्याने संस्थानांना कळवलं की पगार नको, फक्त खर्च द्या, तुमच्या मुलखातले पक्षी मोजून देतो. तेव्हा त्याही तंबूत राहायला निघाल्या. पहिली पाहणी आपल्या वऱ्हाडाला दक्षिणेकडून लागून असलेल्या निजामाच्या हैदराबाद संस्थानाची होती. 1939 साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. मूलबाळ नव्हतं. सालिम अली बहिणीच्या घरी राहायला गेले आणि काम करत राहिले.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक, 1968 ते 1974 या काळात रिप्ली यांच्यासह दहा खंड, 1976 मध्ये पद्मविभूषण, 1985 मध्ये राज्यसभा. 20 जून 1987 रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते गेले.

मला मात्र किहीमची ती वर्षंच आठवत राहतात. आमच्या शेजारचा मुलगा स्पर्धा परीक्षा देऊन देऊन घरी बसला आहे. अमरावतीत आणि अकोल्यात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. त्याला सालिम अलींची गोष्ट सांगून धीर द्यावा असं मनात येतं, पण जीभ रेटत नाही. डोक्यावर छप्पर, पाठीशी नातलग आणि न कुरकुरणारी बायको, एवढं भांडवल त्यांच्याकडे होतं. ते सगळ्यांच्या नशिबी नसतं. पण ते भांडवल असूनही माणूस आढ्याकडे बघत दिवस काढू शकतो. त्यांनी ते दिवस एका फांदीकडे बघत काढले आणि दिसलं ते त्याच दिवशी लिहून ठेवलं.

परवा तो मुलगा चहाला आला होता. डाळिंबाच्या फांदीला कोळ्याच्या जाळ्याने आणि काटक्या-सालींनी विणलेलं एक लोंबतं घरटं मी त्याला दाखवलं. दाराशी छोटीशी पडवीसुद्धा आहे. मादी आत बसली होती. तो बराच वेळ खिडकीशी उभा राहिला. जाताना त्याने विचारलं की उद्या सकाळी आलो तर चालेल का. मी काही उपदेश केला नाही. कपाटातून बँकेची एक कोरी डायरी काढली आणि त्याच्या हाती दिली.