बार्तीमी सदन

आजचं वाचन : मार्क १०:४६-५२



यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडत होता, तेव्हा लोक त्याला गप्प करत होते. येशू मात्र थांबला. हा भाग वाचला की मला पंडिता रमाबाई आठवतात.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. दुष्काळाच्या काळात, सोळाव्या वर्षी त्यांचे आईवडील गेले. पुढे पतीही गेले, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. मनात होतं डॉक्टर व्हायचं, पण कमी ऐकू येत असल्यामुळे ते दार बंद झालं. तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. मायदेशी परतून १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुली-बायकांना त्यांनी केडगावला आणलं आणि मुक्ती सदन उभं राहिलं.

तिथे आंधळ्या स्त्रियांसाठी त्यांनी वेगळं घर केलं. नाव ठेवलं बार्तीमी सदन. फक्त दोन वेळचं जेवण देऊन त्या थांबल्या नाहीत. तिथे ब्रेल शिकवलं जाई, म्हणजे वचन स्वतःच्या बोटांनी वाचता यावं. कमी शिकलेल्या बायकांनाही समजावं म्हणून हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं. ते काम संपवूनच एप्रिल १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या.

आता माझी गोष्ट सांगतो. इथे उदगीरला आमच्या मंडळीत मी प्रोजेक्टर बसवला. गीतं, आळीपाळीचं वाचन, सगळं पडद्यावर. सॉफ्टवेअरवाला ना मी, फार खूश होतो! पूर्वी कुणीतरी ओळ मोठ्याने सांगायचं, ते आपोआप बंद पडलं. पहिल्या बाकावरच्या आजींना दिसत नाही. कित्येक रविवार त्या गप्प बसून होत्या, आणि माझ्या लक्षातच आलं नाही. गर्दीने बार्तीमयाला दटावून गप्प केलं. मी तर न दटावताच आजींना गप्प केलं.

काल त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. रविवारची गीतं आणि स्तोत्र आता मी शनिवारीच त्यांच्या फोनवर माझ्या आवाजात पाठवणार. आणि ओळ सांगणं पुन्हा सुरू.

तुमच्या मंडळीत कोण गप्प बसलंय? आज जाऊन विचारा.

प्रार्थना : प्रभू येशू, तू थांबलास तसं आम्हालाही थांबायला शिकव. आमेन.