विश्लेषण : कृत्रिम इस्ट्रोजेन बनवणारे चार्ल्स डॉड्स कोण होते? गर्भातील मेंदूशी त्यांच्या शोधाचा संबंध काय?

प्लास्टिकमधील रसायने संप्रेरकांचे काम बिघडवतात आणि त्याचा परिणाम पोटातल्या बाळाच्या मेंदूवर होऊ शकतो, ही चर्चा आता नवी नाही. तिचे एक मूळ ब्रिटिश जैवरसायनशास्त्रज्ञ सर चार्ल्स डॉड्स यांच्या प्रयोगशाळेत सापडते.

कोण होते डॉड्स?

१८९९ मध्ये लिव्हरपूल येथे जन्म. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय शिक्षण आणि अवघ्या पंचविशीत तिथेच जैवरसायनशास्त्राचे प्राध्यापकपद. नैसर्गिक इस्ट्रोजेन तेव्हा महाग होते. १९३८ मध्ये डॉड्स यांनी ऑक्सफर्डच्या रसायनशास्त्रज्ञांच्या साथीने डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे ‘डीईएस’ तयार केले. ते स्वस्त होते, गोळी म्हणून घेता येत होते आणि रचना वेगळी असूनही शरीर त्याला इस्ट्रोजेनच समजत होते. संशोधन सरकारी निधीतून झाल्याने पेटंट घेतले गेले नाही. त्यामुळे कोणत्याही कंपनीला ते बनवण्याची मुभा मिळाली.

गर्भवतींना ते का दिले गेले?

खरा प्रश्न इथेच आहे. डीईएसमुळे प्राण्यांमधील सुरुवातीची गर्भधारणा मोडते, हे डॉड्स आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी, १९३८ मध्येच प्रसिद्ध केले होते. तरीही बोस्टनमधील स्मिथ दाम्पत्याच्या संशोधनाचा आधार घेऊन अमेरिकेत ते गर्भपात टाळण्यासाठी दिले जाऊ लागले. १९५३ मध्ये शिकागोतील मोठ्या चाचणीत त्याचा काही उपयोग नसल्याचे दिसले, पण गोळ्या सुरूच राहिल्या. अखेर १९७१ मध्ये गर्भात असताना डीईएसच्या संपर्कात आलेल्या तरुणींमध्ये योनीमार्गाचा दुर्मीळ कर्करोग आढळला आणि अमेरिकी औषध प्रशासनाने गर्भवतींना ते देऊ नये असे बजावले. तोवर तिथल्या माता आणि मुले मिळून ५० लाख ते एक कोटी जणांपर्यंत ते पोहोचले होते, असा अंदाज आहे.

मेंदूवर काय परिणाम?

उंदरांमधील यंत्रणा चक्रावून टाकणारी आहे. नर पिलाच्या वृषणातून आलेले टेस्टोस्टेरॉन मेंदूत शिरते आणि तिथे त्याचे इस्ट्रोजेन होते. हेच इस्ट्रोजेन, ज्याला आपण ‘स्त्री संप्रेरक’ म्हणतो, मेंदूला नराची घडण देते! मग आईच्या इस्ट्रोजेनमुळे मादी पिलाचा मेंदू का बदलत नाही? कारण पिलाच्या रक्तातील अल्फा-फिटोप्रोटीन हे प्रथिन ते बांधून ठेवते, एखाद्या फिल्टरसारखे. डीईएस मात्र या प्रथिनाला फारसे चिकटत नाही, थेट मेंदूत जाते. जन्माच्या आसपास डीईएस दिलेल्या मादी उंदरांच्या हायपोथॅलॅमसमधील, एरवी नरांत मोठा असणारा पेशीसमूह नरांइतका वाढल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

माणसाला हे जसेच्या तसे लागू होत नाही. मानवी मेंदूच्या घडणीत टेस्टोस्टेरॉनचा थेट वाटा अधिक मानला जातो. गर्भात डीईएसला सामोरे गेलेल्यांच्या वर्तनाचे अभ्यास झाले, त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत आणि मोठ्या पाहणीत ठळक फरक दिसला नाही. गाठ तपासणीत सापडते. वागण्यातला बारीक फरक रसायनामुळे की संगोपनामुळे, हे वेगळे काढणे फार अवघड.

प्लास्टिकशी संबंध कसा?

डीईएसच्या दोन वर्षे आधी, १९३६ मध्ये, डॉड्स आणि विल्फ्रिड लॉसन यांनी बिस्फेनॉल-ए हे रसायनही तपासले होते. त्यात इस्ट्रोजेनचा गुण होता, पण क्षीण. औषध म्हणून ते मागे पडले. १९५० च्या दशकात त्यापासून पॉलिकार्बोनेट प्लास्टिक बनू लागले आणि पुढे दुधाच्या बाटल्याही.

१९५४ मध्ये डॉड्स ‘सर’ झाले, १९६२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे अध्यक्ष. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. युरोपीय संघाने बाळांच्या बाटल्यांमध्ये बिस्फेनॉल-ए वापरण्यास बंदी घातली ती २०११ मध्ये, म्हणजे डॉड्स यांच्या त्या नोंदीनंतर ७५ वर्षांनी.