महाराजांच्या काळजावरचा घाव

आमच्या कोल्हापुरात मटणाच्या दुकानात काळीज मागितले की यकृत मिळते. दुःखाने काळीज फाटते म्हणताना मात्र आपला हात छातीकडे जातो. राजर्षी शाहू महाराजांची अखेरची वर्षे आठवली की हे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

१८७४ साली कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या यशवंतरावांची आई ते तीन वर्षांचे असतानाच गेली. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि दोन वर्षांत वडीलही गेले. १८९४ मध्ये कारभार हाती आला. मग दुष्काळ, प्लेग, वेदोक्ताचा वाद, मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा आणि त्यापायी ओढवलेले वैर. पैलवानी देहाने सारे पेलले. पण पुढे मधुमेह जडला.

१२ जून १९१८ रोजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून धाकटे राजपुत्र शिवाजी गेले. वय अवघे एकोणीस. मागे अकरा वर्षांची विधवा पत्नी, इंदुमतीदेवी.

अशा आघातात मेंदू मज्जातंतूंमार्फत मूत्रपिंडांच्या माथ्यावरील छोट्या ग्रंथींना वर्दी देतो. त्यांच्या स्रावांनी हृदय धावते, रक्तदाब चढतो, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४९ मध्येच सशाच्या मेंदूच्या तळाशी सुई टोचून त्याच्या लघवीत साखर आलेली दाखवली होती. म्हणजे घाव खरोखरच काळजावर बसतो, यकृतावर आणि हृदयावरही! बँकेत असताना ऑडिटच्या आठवड्यात, खाणे तेच असूनही, माझी साखर चढायची. तिथे पुत्रशोकाची काय कथा!

केवळ शोकाने महाराज गेले, असे कोणी डॉक्टर म्हणणार नाही. पण आधीच मधुमेहाने पोखरलेल्या देहाला असा भार जड जातो. तरीही महाराज थांबले नाहीत. सोनतळीला सुनेच्या शिक्षणाची सोय केली. १९१९ मध्ये शाळा-दवाखान्यांत अस्पृश्यांना बरोबरीने वागवण्याचे हुकूम काढले. १९२० च्या माणगाव परिषदेत तरुण बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले.

६ मे १९२२ रोजी मुंबईत हृदयक्रिया बंद पडून ते निवर्तले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्याच वर्षी जानेवारीत टोरांटोला एका मधुमेही मुलाला इन्सुलिनची पहिली सुई दिली गेली होती. ती आपल्याकडे पोचायला अवकाश होता.

कामाला लागलेला माणूस दुःखातून सावरला, असे आपण धरून चालतो. कुणाच्या घरी सांत्वनाला जाल तेव्हा, वाचकहो, त्याने साखर आणि रक्तदाब तपासून घेतला का, हेही आपुलकीने विचारा.