विश्लेषण : अभिनयाचे पुरस्कार नव्हते, तेव्हा दादासाहेब फाळकेंनी कलाकार कसे घडवले?

अमिताभ बच्चन, रजनीकांत, वहिदा रेहमान, मोहनलाल... अभिनयाच्या क्षेत्रातील या दिग्गजांचा देशातील सर्वोच्च चित्रपट सन्मान म्हणजे दादासाहेब फाळके पुरस्कार. मात्र स्वतः फाळके यांनी ज्यांच्याकडून अभिनय करून घेतला, त्यांच्यापैकी कुणाच्याही वाट्याला पुरस्कार आला नाही. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या आणि नाशिकमध्ये अखेरचा श्वास घेतलेल्या या दिग्दर्शकाचा आणि त्याच्या कलाकारांचा प्रवास कसा होता?

फाळके चित्रपटाकडे कसे वळले?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कला महाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय करत असताना प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. पुढे पुरातत्त्व खात्यातील नोकरी झाली, छापखानाही झाला. १९११ मध्ये मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून त्यांनी आपल्याकडच्या पुराणकथा पडद्यावर आणायचे ठरवले. विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे करून १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे तंत्र शिकून, कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र खरेदी करून परतले. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यांनी फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे ही कामे शिकून घेतली.

पहिली ‘तारामती’ कोण होती?

यंत्र हाती आले, पण कलाकार मिळेनात. ‘राजा हरिश्चंद्र’मधील तारामतीच्या भूमिकेसाठी फाळके यांनी बराच शोध घेतला. त्या काळी घरंदाज स्त्रियांनी पडद्यावर येणे तर दूरच, नाटकातही स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात आचारी असलेले अण्णा साळुंके त्यांना सापडले. महिना १० रुपये मिळवणारे साळुंके १५ रुपयांवर तयार झाले. हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दामोदर दाबके यांनी, तर रोहिदासाची फाळके यांचे पुत्र भालचंद्र यांनी केली. वडील हयात असताना मिशी उतरवणे अशुभ मानले जाई, त्यामुळे स्त्रीपात्रांसाठी मिशा काढायला नटांना राजी करणे हेसुद्धा दिग्दर्शकाचेच काम होते. ३ मे १९१३ रोजी हा चित्रपट मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये प्रदर्शित झाला.

पडद्यावर स्त्रिया कधी आल्या?

त्याच वर्षी फाळके यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले. पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी. कमलाबाई तेव्हा जेमतेम १३ वर्षांच्या होत्या. या मायलेकी भारतीय चित्रपटातील पहिल्या अभिनेत्री ठरल्या. तरीही पुरुषांनी स्त्री भूमिका करण्याची पद्धत लगेच थांबली नाही. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या. हेच साळुंके पुढे कॅमेऱ्यामागे जाऊन छायालेखक झाले.

फाळके अभिनय कसा करून घेत?

मूकपटात संवाद ऐकू येत नाहीत. सगळी भिस्त चेहरा आणि हातवाऱ्यांवर. दुसरीकडे, आवाजाचे ध्वनिमुद्रण नसल्याने कॅमेरा फिरत असतानाही दिग्दर्शक कलाकाराला मोठ्याने सूचना देऊ शकत असे. रंगभूमीवरचा नट आवाजाने प्रेक्षागृह भारून टाकतो, कॅमेऱ्यासमोर मात्र डोळ्यांची हालचालही मोठी दिसते, हा फरक फाळके यांना छायाचित्रकार असल्याने ठाऊक होता. त्यांची कन्या मंदाकिनी ही ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) या चित्रपटांत कृष्ण झाली. ‘कालियामर्दन’च्या सुरुवातीलाच ही चिमुरडी निरनिराळे भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. कथा सुरू होण्याआधी प्रेक्षकाला केवळ अभिनय दाखवण्याचा हा प्रयोग आजही पाहता येतो.

मग पुरस्कार का नव्हते?

कारण ते अस्तित्वातच नव्हते. ऑस्करचा पहिला सोहळा १६ मे १९२९ रोजी झाला. त्यात सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेले एमिल जॅनिंग्ज यांनाही मूकपटांतील कामासाठीच गौरवण्यात आले होते. भारतात फिल्मफेअर पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले. राष्ट्रीय पुरस्कारांत अभिनयाचा विभाग तर १९६७ च्या चित्रपटांपासून आला. पहिले मानकरी होते उत्तम कुमार आणि नर्गिस. तोवर फाळके यांना जाऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला होता.

फाळके यांची अखेर कशी झाली?

१९१८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत भागीदारांशी त्यांचे पटेना. १९१९ मध्ये ते कंपनी सोडून काशीला गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि १९२२ मध्ये पुन्हा कंपनीत परतले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि मूकपटांचे दिवस भरले. ‘सेतुबंधन’ हा त्यांचा मूकपट नंतर आवाज देऊन प्रदर्शित करावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट. ९० हून अधिक चित्रपट करणाऱ्या फाळके यांचे १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये निधन झाले. ज्या उद्योगाची त्यांनी पायाभरणी केली, त्याची भरभराट होत असताना ते त्याच्या बाहेर पडले होते.

कलाकारांचा वारसा कुठे पोहोचला?

केंद्र सरकारने १९६९ साठी पहिला फाळके पुरस्कार अभिनेत्री देविका राणी यांना दिला. मराठी मातीतील दुर्गा खोटे, व्ही. शांताराम, भालजी पेंढारकर हेही पुढे मानकरी ठरले. दरम्यान, फाळके यांच्या ‘मोहिनी’चे, म्हणजे कमलाबाई गोखले यांचे घराणे अभिनयातच राहिले. त्यांचे पुत्र चंद्रकांत आणि नातू विक्रम गोखले दोघेही नामवंत अभिनेते झाले. गजेंद्र अहिरे यांच्या ‘अनुमती’साठी विक्रम गोखले यांना इरफान यांच्यासह सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. दिल्लीत तो प्रदान करण्यात आला ३ मे २०१३ रोजी. ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्याला त्या दिवशी बरोबर १०० वर्षे पूर्ण झाली होती.